सावडीला दिलेला सेंटर फॉरवर्ड

पुंजा भोयेला मी पहिल्यांदा पाहिलं ते द्राक्षांचे क्रेट झेलताना. विंचूरला धनराजशेठचं पॅकहाऊस होतं. मी नाशिकला खेळाचं सामान विकतो. शेठच्या मुलाला, अमितला, बॅडमिंटनचं नेट हवं होतं, ते द्यायला गेलो होतो. दारात टेम्पो उभा होता, वरून एक जण रिकामे क्रेट फेकत होता आणि खाली हा बुटका, रुंद खांद्यांचा गडी ते झेलून थप्पी लावत होता. एक क्रेट भलत्याच बाजूला गेला. तिथं एक बाई पाठमोरी बसून घड कातरत होती. पुंजाने अंग झोकलं, आडवा पडला आणि क्रेट तिच्या डोक्याच्या वीतभर वर धरला. बाईला पत्ताही लागला नाही. ती त्याची बायको नवसाबाई होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मनात एवढंच आलं, की आयुष्यभर मी गोलकीपरचे हातमोजे विकले, पण गोलकीपर आज पाहिला.

पुंजा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि दिवाळी झाली की अख्खा पाडा बोचकी बांधून द्राक्षांच्या गावांकडे उतरायचा. बागेच्या कडेला प्लास्टिकचे कागद ताणून राहायचं, छाटणी, विरळणी, काढणी करायची आणि मृग जवळ आला की परत डोंगरावर. पुंजाची मुलगी आशा त्यामुळे अर्धं वर्ष शाळेत असायची आणि अर्धं वर्ष वेलींखाली. दुसरीचं पुस्तक तिने दोनदा अर्धं वाचलं होतं, पुरं एकदाही नाही. पुंजा हे सांगताना हसायचा, नवसाबाई हसायची नाही.

फुटबॉल या लोकांना आश्रमशाळेने दिला. सरकारी क्रीडासाहित्यात एक चेंडू आला होता आणि मास्तरांना नियम माहीत नव्हते. त्यांनी चेंडू पोरांच्या हवाली केला आणि स्वतः डुलकी काढली. शिक्षण खात्यावर माझा फार विश्वास नाही, पण ती डुलकी कामी आली हे कबूल करायला पाहिजे. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत, बांध हीच सीमारेषा मानून, अनवाणी पायांनी ही पोरं खेळली. तीच पुढे मोठी होऊन विंचूरला क्रेट उचलायला आली आणि जेवणाच्या सुट्टीत पॅकहाऊसमागे खेळू लागली.

धनराजशेठला याचं काही नव्हतं. पण एकदा हॉलंडचा एक द्राक्ष खरेदीदार आला, त्याने खिडकीतून हा खेळ पाहिला आणि घड तपासायचे सोडून, कोट काढून पोरांत शिरला. घामाघूम होऊन आला तो इतका खूश होता, की सौद्याचं बोलणं चहा गार व्हायच्या आत आटोपलं. शेठ हाडाचा व्यापारी. त्याने मला दुकानात फोन केला. म्हणाला, "फुटबॉलची टीम काढायला काय काय लागतं?"

मी म्हणालो, "वेडेपणा."

"तो आहे आमच्याकडे. बाकीचं तुम्ही आणा."

अशी २००२च्या पावसाळ्यात आमची टीम निघाली. नाव शेठनेच ठेवलं, 'द्राक्षवीर फुटबॉल संघ'. हिरवे शर्ट, छातीवर द्राक्षाचा घड. मी मॅनेजर झालो, कारण फुटबॉलचे खिळ्यांचे बूट माझ्याकडे होते. सकाळी पॅकहाऊसचं काम, दुपारनंतर सराव, आणि दोन्हींचा मिळून बारमाही पगार. खेळायचे पैसे मिळणारी दुसरी फुटबॉल टीम निदान माझ्या ऐकिवात आमच्या जिल्ह्यात नव्हती. शेठने खेळाडूंना पॅकहाऊसमागे पक्क्या खोल्या दिल्या. पुंजाला कप्तान आणि गोलकीपर केलं. आशा विंचूरच्या शाळेत जाऊ लागली, आणि त्या वर्षी तिने पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. नवसाबाईने शाळेच्या बाईंना साडीचोळी केली. फुटबॉलचा सगळ्यात मोठा गोल तिच्या मते तोच होता.

सुरुवातीला आम्ही सपाटून मार खाल्ला. बुटांनी पोरांच्या पायांना फोड आले. हरलो की लोक "मनुके, मनुके!" म्हणून ओरडायचे. पुंजाला मी उत्तम हातमोजे दिले. आठ दिवसांनी पाहतो तर नवसाबाई त्या मोज्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवत होती. मी चिडलो. तो म्हणाला, "भाऊ, दोघांचं काम एकच हाय. गरम वस्तू धरायची." दुसरी जोडी मी त्याला दिली ती शपथ घालून.

पण दुसऱ्या वर्षी चाक फिरलं. पुढच्या फळीत नवसाबाईचा भाऊ गोटीराम होता, आमचा सेंटर फॉरवर्ड. पायात चेंडू आला की तो बांधावरून उड्या मारत जाणाऱ्या बोकडासारखा सुटायचा, कुणाच्या हाती लागायचा नाही. मागे पुंजा. मधल्या नऊ जणांनी नुसतं नीट उभं राहिलं तरी पुरे होतं. आम्ही मनमाडला जिंकलो, भुसावळला जिंकलो. 'मनुके' म्हणणारे लोक 'द्राक्षे, द्राक्षे' म्हणायला लागले. मला विचाराल तर ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. दुकान माझ्या भावाने सांभाळलं आणि नीट सांभाळलं नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

अडचण शेठच्या घरात होती. अमित शिकून परत आला होता आणि त्याला वायनरी घालायची होती. टीम म्हणजे त्याच्या लेखी नुसती उधळपट्टी. २००३च्या डिसेंबरात आम्ही नाशिकच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचलो, तेव्हा शेठने मला आणि पुंजाला बोलावलं.

"अमितपुढं माझं फार चालत नाही आता," तो म्हणाला. "तेवढा कप आणा. कप टेबलावर ठेवला की मी त्याला गप्प करतो. नाही आणला, तर मला बोलायला तोंड नाही. मग टीम बंद."

पुंजाने मान हलवली. खोलीबाहेर आल्यावर म्हणाला, "आशा आता चौथीत जाईल."

अंतिम सामना मालेगावच्या टीमशी. माग चालवणारी पोरं, खेळ वेगवान, आणि त्यांचा कप्तान मुश्ताक म्हणजे पायात वीज. सामना गोल्फ क्लबच्या मैदानावर. आम्ही वेळेआधी हजर. शेठ मंडपात पहिल्या खुर्चीवर, शेजारी अमित. मालेगावची मोठी गाडी आली, त्यातून दहा जण उतरले. बाकीचे मागच्या जीपमध्ये होते आणि जीप राहूड घाटात बंद पडली होती.

स्पर्धेचा नियम साधा होता. शिट्टी वाजताना मैदानात अकरा माणसं पाहिजेत, नाहीतर समोरच्याला वॉकओव्हर. रेफरीने जमेल तेवढं थांबून पाहिलं. डिसेंबरचं ऊन ते, कलायला लागलं. शेवटी तो मुश्ताककडे बघून म्हणाला, "आता माझाही नाइलाज आहे."

मी तर मनात पेढे वाटले. कप आपला, टीम वाचली, आशाची चौथी पक्की, आणि कुणाला फोडसुद्धा नाही. मी पुंजाचा हात दाबला. तो मालेगावच्या पोरांकडे बघत होता. ती बूट बांधून ओळीने उभी होती, आणि मुश्ताक रस्त्याकडे तोंड करून.

"भाऊ," पुंजा म्हणाला, "त्यांचा एक माणूस कमी हाय."

"म्हणूनच तर जिंकलो ना आपण!"

"आपले चार जण बाकावर नुसते बसलेत."

तो काय म्हणतोय ते कळायला मला थोडा वेळ लागला. पेठच्या डोंगरात भाताची आवणी कुणी एकटा करत नाही. रोपं लावायची ती सावडीने. आज सगळा पाडा माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. कुणाच्या घरचा माणूस कमी पडला तर शेजारी आपल्या घरचा धाडतो. त्याला विचारावं लागत नाही, आणि तिथं मजुरीची भाषा केली तर अपमान समजतात. पुंजाने मैदान पाहिलं, एका बाजूला अकरा आणि एका बाजूला दहा माणसं पाहिली, आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. त्याला ते खाचर दिसलं.

तो रेफरीकडे गेला. "आमचा एक माणूस त्यांच्याकडनं खेळला तर चालंल का?"

रेफरीने नियमांचं पुस्तक चाळलं. असं कुणी विचारेल, हे पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. रेफरीने मुश्ताकला विचारलं. मुश्ताक आधी म्हणाला, "मजाक कर रहे क्या?" मग त्याने पुंजाचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चलेगा."

मी पुंजाला बाजूला ओढलं. म्हटलं, "बरं, द्यायचाच आहे ना? तो बाकावरचा मधू दे." मधू आमचा राखीव गडी, मनाने चांगला, पण चेंडू आला की बाजूला होऊन त्याला वाट देणारा.

पुंजा माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी घाण बोललो होतो. "सावडीला लंगडा बैल देतात का, भाऊ?" आणि त्याने हाक मारली, "गोटीराम!"

गोटीराम आला. हकिगत ऐकून त्याचा चेहरा उतरला. "दाजी, तिकडं जाऊन खरंच खेळू का? का नुसता उभा राहू?"

"दुसऱ्याच्या वावरात हात राखून रोपं लावतोस का तू?"

"नाय."

"मग."

गोटीरामने हिरवा शर्ट काढून पुंजाच्या हातात दिला आणि मालेगावचा पांढरा शर्ट घातला. मंडपात शेठ खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तो सामना ज्यांनी पाहिला त्यांनीही माझ्याकडे त्याची गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली आहे आणि मी दरवेळी सांगितली आहे. पुंजा त्या दिवशी माणूस नव्हता. मुश्ताकने दोनदा कोपऱ्यात मारलेला चेंडू त्याने बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. एकदा तर चेंडू छातीवर घेऊन तो खांबावर आपटला, उठला, थुंकला आणि पुन्हा उभा राहिला. आमच्या पोरांनीही जीव तोडला, पण पुढे गोटीराम नव्हता, त्याच्या जागी मधू होता. चेंडू समोरच्या गोलपर्यंत जायचा आणि तिथं मधू त्याला वाट द्यायचा.

शेवट जवळ आला होता. मुश्ताकने चेंडू उंच टाकला आणि गोटीराम सुटला. समोर फक्त पुंजा. मी पाहिलं, क्षणभर गोटीरामचा पाय अडखळला. पुंजानेही ते पाहिलं असावं, कारण तो गोलमधून ओरडला, "मार!"

गोटीरामने मारला. पुंजाने अंग झोकलं, अगदी त्या क्रेटसारखंच. चेंडू त्याच्या मोज्याला घासून जाळीत गेला.

सामना आम्ही त्या एका गोलने हरलो. मालेगावची पोरं नाचली, पण जपून नाचली. गोटीराम मैदानातच खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. पुंजा त्याच्याजवळ गेला, त्याला उठवून उभं केलं. "बरा मारलास," म्हणाला. "मी पण हात राखून नव्हतो." पाठीमागून मुश्ताक आला आणि त्याने विचारलं, की हे असं का केलं? उत्तर पुंजाने दिलं नाही, गोटीरामने डोळे पुसत पुसत दिलं. सावड म्हणजे काय, ती कधी करतात, ती परत कशी करायची असते, हे सगळं तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता. मला ते ऐकवेना. मी बूट गोळा करायला निघून गेलो.

शेठ मंडपाच्या मागे भेटला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पुंजा, अरे, टीम विकली असतीस तरी मला समजलं असतं. तू तर फुकट देऊन टाकलीस."

"दिली नाय शेठ. गडी सावडीला धाडला."

शेठचा बापही शेतकरी होता, सावड काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "माझा बाप असता तर तुझी पाठ थोपटली असती," तो म्हणाला. "पण पॅकहाऊस आता बापाचं नाही, आणि माझंही नाही." एवढं बोलून तो अमितच्या गाडीत जाऊन बसला.

टीम त्याच महिन्यात बंद झाली. खोल्यांमध्ये वायनरीसाठी आणलेलं सामान आलं. जिथे सराव चालायचा तिथे आता मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या आहेत. आशाचं नाव विंचूरच्या शाळेतून काढलं, कारण आईबाप कुठल्या बागेवर जातील त्याचा नेम राहिला नाही. तिला पेठकडच्या आश्रमशाळेत ठेवलं. नवसाबाईने शाळेच्या बाईंचा निरोप घेतला तेव्हा मी तिथं होतो. ती पुंजाला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मला पुंजाचा राग आला होता, आणि खरं सांगतो, तो अजून पुरता गेलेला नाही. जिंकलेला डाव कुणी असा देतं का? पण ज्याचा राग येतो त्याच्याविषयी आपण दिवसभर बोलत राहतो. दुकानात जो येईल त्याला मी पुंजाची गोष्ट सांगायचो, आणि सांगताना माझा आवाज चढायचा तो अभिमानाने, हे माझ्या भावाने मला दाखवून दिलं. एकदा पुंजा बाजाराला नाशिकला आला तेव्हा मी विचारलंच, "पस्तावा होत नाही?"

"होतो ना," तो म्हणाला. "आशाला होस्टेलवर सोडून आलो तवा लय झाला. अजून होतो." जरा थांबून म्हणाला, "पण भाऊ, ते दहाच होते."

मी त्याला चहा पाजला.

पुढच्या जुलैत, एका शुक्रवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय, तर समोर एक पिकअप येऊन थांबली. मागे माणसं दाटीवाटीने बसलेली. पुढून मुश्ताक उतरला.

"मॅनेजर साब, पुंजाभाई का गाँव किधर है?"

"कशाला?"

"वो लडके ने बोला था ना उस दिन. सावड लौटानी पडती है. मैंने पूछा, कब? बोला, आवणी में." त्याने मागच्या पोरांकडे हात केला. "आज जुम्मा है, मालेगाव में माग बंद. पूरी टीम लाया हूँ."

मी शटर खाली ओढलं आणि पिकअपमध्ये चढलो.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा पुंजा, नवसाबाई आणि गोटीराम गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होते. पुंजाने मान वर केली आणि तसाच उभा राहिला. मुश्ताकने पँट वर दुमडली आणि सरळ खाचरात उतरला. मागोमाग बाकीचे. आता मागावर धाग्याला धागा लावणारी ही पोरं, पण चिखलात त्यांच्या ओळी अशा वाकड्या गेल्या, की नवसाबाई तोंडाला पदर लावून हसू लागली. कुणी रोप उलटं खोचलं, कुणी इतकं खोल की ते दिसेनाच. दुपारी बांधावर नवसाबाईने धुतलेली घोंगडी अंथरली, त्यावर पोरांनी आळीपाळीने नमाज पढली, आणि मग सगळ्यांनी नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. एकाला ठेचा इतका झोंबला, की तो पाणी मागत बांधभर धावला.

संध्याकाळ व्हायच्या आत पुंजाची सगळी खाचरं लागली, एक सोडून. त्या एका खाचरात नुसता चिखल होता. चेंडू कुणी आणला होता मला ठाऊक नाही, मी मात्र नव्हता आणला. आजूबाजूच्या पाड्यांवरून द्राक्षवीरांचे जुने गडी जमले, काही नुसती हौस म्हणून आले. शर्ट काढून सगळे चिखलात उतरले. पुंजा दोन काठ्यांच्या गोलमध्ये उभा राहिला. हातमोजे नव्हते, त्यांच्या दोन्ही जोड्या केव्हाच चुलीपाशी गेल्या होत्या.

मुश्ताक माणसं मोजत होता. त्याने एकदा मोजली, परत मोजली. आमच्याकडे दहा होते.

तो आपल्या पोरांकडे वळला. "अपने में सबसे अच्छा कौन खेलता?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांनी एकदम त्याच्याकडेच बोट केलं.

मुश्ताक चिखल तुडवत आमच्या बाजूला आला आणि गोटीरामच्या शेजारी उभा राहिला. त्या संध्याकाळी मुश्ताकने आपल्याच गोलकीपरवर दोन गोल मारले, आणि दुसरा तर असा मारला की त्याच्याच पोरांनी त्याला शिव्या घातल्या. पुंजा काठ्यांच्या मध्ये उभा राहून पोट धरून हसत होता. बांधावर नवसाबाई बसली होती. टीम बंद झाल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. ती उठली, पदर खोचला आणि त्याला ओरडून म्हणाली, "हसता काय? तिकडं बघा, चेंडू आला!"

पुंजाने अंग झोकलं.